नवरीच्या आईला बोलवा

फेझच्या जुन्या शहरात लल्ला झुहूरनं चाळीस वर्षं नवऱ्या सजवल्या. तिचा हात लागल्याशिवाय चांगल्या घरची मुलगी पालखीत बसत नसे. जीभ मात्र तिखट. "नवरी आहेस की दुखणाईत? मान वर कर!" असं भल्याभल्यांच्या लेकींना सुनावायची. आणि एक नियम तिनं कधी मोडला नाही: नवरीला तिच्या आईनं स्वतःच्या हातानं दूध पाजल्याशिवाय मुकुट चढवायचा नाही. एकदा तर आई रुसून माडीवर बसली म्हणून हिनं एका बड्या व्यापाऱ्याच्या घरची वरात तासभर अडवून धरली होती.

आता तिला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. एकुलत्या एका लेकीला, इतिमादला, तिनं आठ महिन्यांत नावानं हाक मारलेली नाही. "बाई, तू कामाला नवीन दिसतेस," एवढंच म्हणते. आणि इतिमाद रोज तिला भरवते, न्हाऊ घालते, वाट बघते.

शमा नावाची एक नाटकवाली अशा म्हाताऱ्या माणसांना घेऊन खेळ बसवायची. पांढऱ्या पडद्यावर जुन्या लग्नांच्या चित्रफिती, कर्ण्यावर तिनं पूर्वी सजवलेल्या बायकांचे आवाज, मधोमध लल्ला झुहूर. पण सजवायला नवरी कुठून आणायची?

"तुम्हीच बसा," शमा इतिमादला म्हणाली. "हातांना आठवलं, तर तोंडालाही आठवेल."

सत्तेचाळिसाव्या वर्षी नवरी! लग्न तर तिनं कधी केलंच नव्हतं. पण एका हाकेसाठी ती काहीही करायला तयार होती.

खेळाच्या दिवशी पडद्यावर वरात निघाली, जमलेल्या बायकांनी जिभा घोळवून आनंदाचा गजर केला, आणि म्हातारीचे हात जागे झाले. कमरपट्टा, मोत्यांच्या माळा, एकेक टाचणी जागच्या जागी. तिनं इतिमादची हनुवटी उचलली, चेहरा निरखला. इतिमाद तिच्या डोळ्यांत बघत राहिली.

"गोड आहेस गं पोरी. जरा थोराड आहेस, पण गोड."

बायका हसल्या. म्हातारीनं मुकुट उचलला आणि थांबली.

"नवरीची आई कुठाय? बोलवा तिला."

शमानं दुधाचा पेला म्हातारीच्याच हातात दिला. तिनं तो बाजूला ठेवला. "मी सजवणारी. हे काम माझं नव्हे."

"यम्मा, माझी आई तूच की गं..." इतिमादनं तिचा हात धरला.

"रडू नकोस, काजळ पसरेल. येईल तुझी आई."

इतकं असहाय इतिमादला आजवर कधी वाटलं नव्हतं. चित्रफीत संपली, पडदा कोरा झाला. बायका खाली माना घालून एकेक उठल्या. शमा कोपऱ्यात तारा गुंडाळत राहिली. लल्ला झुहूर मुकुट मांडीवर घेऊन दाराकडे बघत होती.

"कसली बाई आई ही!" ती चिडून म्हणाली. "पोटच्या पोरीला विसरते!"

"विसरली नसेल," इतिमाद म्हणाली. "येईल."