पाणमाणसाचे हात

बहिरू बेंडकोळी यांच्यावर आजवर कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि मीही लिहिल्या नसत्या. लिहिणं माझं काम नाही. मी प्रफुल्ल, कॉम्प्युटरवर बाहुल्या हलवतो आणि त्याला अॅनिमेशन म्हणतो, म्हणजे लग्नाच्या बाजारात जरा बरं वाटतं. पण या माणसाच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं ते कुणाला सांगितल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही.

गंगापूर धरणाच्या फुगवट्याकाठी त्यांचं घर. मूळ हरसूलकडचे, आजोबांच्या वेळेपासून इकडे. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून जाळं टाकायचं, मासे काढायचे, घरचा थोडा भात करायचा, हा त्यांचा धंदा. दुसरं काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं, ते गळ्यातच पडलं होतं. रविवारी शहरातून माणसं धरणावर येतात. त्यातल्या काहींना पोहता येत नाही आणि चारचौघांत तसं कबूलही करता येत नाही. मग आरडाओरडा होतो, कोणीतरी पोलिसांना फोन लावतो, आणि पोलीस पोचायच्या आत बहिरूकाका पाण्यात असतात.

किती जणांना काढलं, हे ते सांगत नसत. मोजायचं नाही, असं त्यांच्या वडिलांनी बजावलं होतं. वडिलांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती आणि ती त्यांनी मला पहिल्याच भेटीत तीनदा सांगितली: बुडणाऱ्याकडे समोरून जायचं नाही. समोर माणूस दिसला की तो गळ्याला मिठी मारतो, आणि ती मिठी पैलवानालाही सुटत नाही. मागून जायचं. डावा हात काखेखालून घालायचा, उजव्या मुठीत मानेवरचे केस धरायचे, आपली छाती त्याच्या पाठीला लावायची आणि पायांनी वर रेटायचं. त्याला आपलं तोंड दिसताच कामा नये.

आता माझं काम सांगतो. इंदिरानगरच्या बोगद्याजवळ दुसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. परदेशातली एक कंपनी जादूच्या दुनियेतले व्हिडिओ गेम काढते, त्यातल्या एकाच्या पाचव्या भागाचं थोडं काम आमच्याकडे आलं होतं. त्या खेळात थेलूर नावाची एक जमात आहे. माणसासारखेच, पण मानेवर कल्ले, बोटांमध्ये पडदे, वस्ती बुडालेल्या शहरात. आम्ही त्यांना पाणमाणसं म्हणायचो. पहिल्या चार भागांत ती बुडणाऱ्या वाटसरूंना उचलून काठावर आणून ठेवत. खेळणाऱ्यांना हे इतकं आवडायचं की काही जण मुद्दाम बुडायचे. पण ते उचलणं दिसायचं अगदी गचाळ, टेम्पोतून कांद्याची गोणी उतरवल्यासारखं. आमची टीम लीड निकिता म्हणाली, "खरा माणूस शोध, खरं कसं करतात ते शूट कर." मी बहिरूकाकांना एका रविवारी काम करताना पाहिलं होतं. मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

एका क्लबच्या तरणतलावात आम्ही तीन कॅमेरे पाण्याखाली लावले. काका पाण्यात उतरले आणि डोळे मिटून घेतले.

"काका, डोळे उघडे ठेवा ना, इथलं पाणी स्वच्छ आहे," मी म्हणालो.

"डोळे उघडून काय करू भाऊ? आमच्या पाण्यात काय दिसत नाय. हातानंच बघायचं."

निकिताला ते इतकं भावलं की नव्या भागात अख्खी जमात मिटल्या डोळ्यांची झाली. काकांच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं आहे, जाळ्याच्या दोरीत गेलेलं. तेही आम्ही ठेवलं. पडद्यावरच्या प्रत्येक पाणमाणसाच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं. आम्हाला वाटलं, काय बारकावा पकडलाय.

बुडणारा माणूस मी झालो. मला पोहता येत नाही, त्यामुळे अभिनय करावा लागला नाही. नाकातोंडात पाणी गेलं, हातपाय वेड्यासारखे हलायला लागले, आणि तेवढ्यात मानेवर मूठ बसली. केस चांगलेच ओढले गेले. पण त्या क्षणी शरीरातली सगळी भीती एकदम ओसरली, ते मी विसरलेलो नाही. आईने लहानपणी रस्ता ओलांडताना मनगट धरल्यानंतर इतकं निर्धास्त मला कधी वाटलं नव्हतं.

चहा पिताना त्यांनी विचारलं, "ही तुमची पाणमाणसं करतात काय?"

"बुडणाऱ्याला बाहेर काढतात."

"मग आमच्यातलीच हायेत," ते हसून म्हणाले. मग जरा गंभीर झाले. "तोंड माझं नका घेऊ. हात घ्या. पण हात बरोबर दाखवा. पोरं बघतील, उद्या कुणी तसंच करायला जाईल."

मी शब्द दिला.

पुढे चार महिन्यांनी कंपनीने गोष्टच बदलली. पाणमाणसं आता शत्रू झाली. काठावरून जाणाऱ्याला ती मागून धरून खाली ओढणार. नवी हालचाल चार दिवसांत हवी होती. निकिता कपाळाला हात लावून बसली होती, आणि मी तिला म्हणालो, "आहे तीच क्लिप उलटी चालवू?"

एक बटण दाबावं लागलं. खालून वर येणारी पाणमाणसं वरून खाली जायला लागली. छाती पाठीला, मूठ मानेवर, डोळे शांत मिटलेले. इतकं भयानक दिसत होतं की टीममधल्या संतोषने टाळी वाजवली. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. वर आम्ही कंपनीला कळवलं की हे सगळं नव्याने केलंय.

ट्रेलर आला आणि आठवड्याभरात मला फोन आला. काकांची मुलगी साक्षी, शहरात कॉलेजला आहे.

"दादा, तो हात आमच्या आप्पांचा आहे ना?"

"अगं, तो गेम आहे..."

"अर्धं बोट आहे. इथे सगळ्यांनी ओळखलंय. आप्पांना कुणी अजून दाखवलं नाही. तुम्ही येऊन दाखवा."

मी गेलो. काका ओसरीवर जाळं शिवत बसले होते. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकदा पाहिलं, मग पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसायलाच हव्या होत्या.

"हे उलटं हाय," ते शेवटी म्हणाले. "पाय बघा ना. वर रेटणारे पाय हायेत. माझंच हाय हे, फक्त उलटं फिरवलंय."

कंपनीच्या वीस जणांनी ट्रेलर पन्नासदा पाहूनही जी गोष्ट ओळखली नाही, ती त्यांना तीन वेळांत कळली. मी गोष्ट कशी बदलली, वेळ कसा नव्हता, हे सगळं सांगितलं. माझं मलाच ते पटत नव्हतं.

"बुडणारा आपल्या गावातला असता तर हसलो असतो," ते म्हणाले. "पण येतात ती शहरातली पोरं. सगळी हेच बघतात. पाण्यात आधीच जीव घाबरलेला, त्यात मागून हात आला, अर्ध्या बोटाचा. वाचवायला आलाय का न्यायला, हे त्यानं कसं ओळखायचं? काढून टाका भाऊ एवढं."

"काढतो," मी म्हणालो.

निकिता म्हणाली, कंपनीने पास केलंय, आता विषय नको. कंपनीला थेट लिहायचं तर क्लिप उलटी केली होती हे कबूल करावं लागणार, म्हणजे आमची लबाडी उघडी पडणार आणि माझी नोकरी जाणार. मी मेल लिहायचो आणि पुसायचो. काकांचा फोन आला की "चालू आहे काका, वरपर्यंत पोचवलंय" म्हणायचो. गेम बाजारात आला. धरणावर पोरं एकमेकांना मागून धरून पाण्यात ओढायची आणि "बहिरू आला" म्हणून खिदळायची, हे मला साक्षीनेच सांगितलं.

तिसऱ्या फोनवर काकांनी चित्राचं काय झालं ते विचारलंच नाही. म्हणाले, "परवा एकाला काढला. वाचला. पण केसाला हात घालताना माझा हात थांबला. असं कधी झालं नव्हतं. ते चित्रच आलं बघा, मिटल्या डोळ्यांपुढं."

त्या फोननंतर मला झोप लागेना. तरी आणखी अकरा दिवस मी काही केलं नाही. बाराव्या दिवशी सगळं लिहून टाकलं. हात कुणाचे, क्लिप कशी उलटी केली, त्या माणसाचं काम काय, सगळं. नोकरी गेली तर गेली, म्हणून पाठवून दिलं.

दोन दिवसांत उत्तर आलं. कुणी रागावलं नव्हतं. लिहिलं होतं की हे आधीच कळवायला हवं होतं, पुढच्याच अपडेटमध्ये ही हालचाल आणि तो हात दोन्ही बदलू, त्या गृहस्थांना आमची माफी सांगा. बस, एवढंच होतं. दीड महिना मी ज्याला घाबरत होतो ते काम दोन दिवसांचं निघालं.

उत्तर रविवारी आलं. सोमवारी सकाळी मी पेढे घेऊन निघालो, फोन न करताच. समोरासमोर सांगावं, असं वाटलं.

घराबाहेर दहाबारा माणसं बसली होती. साक्षीने मला पाहिलं आणि बाजूला नेलं. तिनेच मला सगळं सांगितलं, कारण काल ती काठावर होती.

शहरातला एक तरुण, एकवीस-बावीसचा, पाण्यात गेला. काका उडी मारून निघाले. त्याच्यापाशी पोचल्यावर नेहमीसारखे वळसा घालून मागे गेले नाहीत. ते समोरून गेले.

"आयुष्यात पहिल्यांदा," साक्षी म्हणाली. "मी काठावरून ओरडत होते, आप्पा मागून, मागून. त्यांनी डोळेसुद्धा उघडे ठेवले होते. त्याच्याकडे बघून काहीतरी बोलत होते."

त्या मुलाने गळ्याला मिठी मारली. दोघंही खाली गेले. वर आले, पुन्हा खाली गेले. काकांचा श्वास संपला तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी त्याला खाली दाबलं, छातीवर पाय दिला आणि स्वतःला सोडवून घेतलं. वर येऊन एक श्वास घेतला आणि लगेच पुन्हा बुडी मारली. या वेळी मागून धरलं, बरोबर धरलं, वर आणलं. पण त्या मुलात काही उरलं नव्हतं. काठावर त्याचे मित्र होते. त्यांनी पाहिलं होतं ते दाबणं. दोघांनी पोलिसांना तसंच सांगितलं. मोबाइलवर कुणी काढलंही होतं.

"समोरून का गेलात, असं मी रात्री विचारलं," साक्षी म्हणाली. "तर म्हणाले, त्याला तोंड दिसू दे म्हटलं. कोण आलंय ते कळू दे."

मी आत गेलो. काका भिंतीला टेकून बसले होते. गळ्यावर नखांचे लाल ओरखडे होते. पेढ्यांचा पुडा मी पाठीमागे धरला आणि मग तिथेच जमिनीवर ठेवला. शेवटी जे सांगायला आलो होतो तेच बोललो, कारण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

"काका, कंपनीवाले ऐकले. काढतायत. पुढच्या महिन्यात ते चित्र राहणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"आता कशाला?" ते म्हणाले. "आता बरोबर हाय ते. राहू द्या."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं नाही आणि झिडकारलंही नाही. बाहेर पोलिसांची जीप आली, तेव्हा ते स्वतःच उठले आणि सदरा घालून बाहेर गेले. जबाब झाला, मेलेल्या मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि तक्रार दिली नाही. त्यांना पोहता येत होतं, त्यांना कळलं असावं. मित्रांना कळलं नाही. मोबाइलवर काढलेली ती क्लिप अजून फिरते आहे, आणि तिच्याखाली कोणीतरी आमच्या गेमचं नाव लिहिलं आहे.

अपडेट ठरल्या तारखेला आलं. पाणमाणसांची बोटं आता पुरी आहेत, आणि ती भाल्याने मारतात. माझी नोकरी टिकली. बहिरूकाका ट्यूबवर बसून जाळं टाकतात, पण पाण्यात उतरत नाहीत. हाक आली तरी ऐकू न आल्यासारखं करतात आणि घरात जातात. धरणावर कोणी बुडालं की आता शहरातून गाडी बोलवावी लागते. रस्ता मोकळा असला तर तिला पाऊण तास लागतो.