पाहिल्याशिवाय नाव नाही

वडनेरच्या मनोहररावांची रंजिता घरी बसून कॉम्प्युटरवर नेमकं काय करते, हे गावात कुणालाच धड सांगता यायचं नाही. कुणी विचारलंच तर मनोहरराव म्हणत, "पंच आहे ते. दुसऱ्याचं काम पाह्यते अन् सही करते."

गंमत म्हणजे हे उत्तर बरोबर होतं. पुण्याच्या एका कंपनीसाठी रंजिता लिनक्सच्या कर्नेलचा, म्हणजे यंत्राच्या अगदी बुडाशी चालणारा कोड तपासायची. एका मोठ्या मशीनमध्ये अनेक व्हर्च्युअल मशीनं भाडेकरूंसारखी राहतात. एखाद्याला कुलूपबंद मेमरी मिळते. तिला एन्क्लेव्ह म्हणतात, आणि तिच्यात घरमालकालाही डोकावता येत नाही. भाडेकरू गेला की ती पानापानाने रिकामी करून पुढच्याला द्यायची. त्यात मूळ पान सगळ्यांत शेवटी. त्याला जोडलेली पानं, म्हणजे त्याची पिल्लं, आत असेपर्यंत ते जागचं हलत नाही. अशा कोडमधली दुरुस्ती, म्हणजे पॅच, सगळ्या जगासमोर ठेवतात, आणि ज्यांनी तपासली ते खाली आपलं नाव लिहितात.

या खेपेचा पॅच ओमप्रकाशचा होता. हिंगणघाटच्या या ओमदादानेच रंजिताला काम शिकवलं, नोकरीही त्याच्याच शब्दावर लागली. शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला.

"तिघांनी नाव टाकलं, तुह्यंच बाकी हाय. सोमवारी हे गेलं नाई, तर दोन महिने अडकलो मी. वर टीमचा हेड कराचं चालू हाय माह्यं."

"पाह्यतो ना दादा."

"आता त्यात पाह्याचं काय? मी लिहिलं हाय ते!"

आता आली का पंचाईत! ज्याने हात धरून चालायला शिकवलं, त्याच्याच पायात पाय कसा घालायचा? नाव टाकून मोकळं व्हावं, असं रंजिताला दहादा वाटलं. पण तिने बापाला पाहिलेलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी गारपीट झाली, तेव्हा पंचनाम्यावर पंच म्हणून मनोहररावांनी तलाठ्याच्या भिडेने ओट्यावर बसूनच सही ठोकली. कागदावर कवडूच्या नावापुढे 'नुकसान नाही' लिहिलेलं. रस्त्याकडचा हरभरा उभा होता, तेवढाच लिहिणाऱ्यांनी पाहिला. पलीकडच्या धुऱ्यापर्यंतचा, बांधापर्यंतचा, सगळा आडवा झाला होता. कवडू म्हणजे मनोहररावांचा लंगोटीयार. त्याची भरपाई बुडाली, आणि तेव्हापासून त्याने या घरचा चहा घेतला नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही, मनोहररावांना ते आजही सलतं.

रंजिताने शनिवारी कोड टेस्ट मशीनवर चालवला. नीट चालला. मग तिने मेमरीचे दोन तुकडे केले. मूळ पान एकात, पिल्लं दुसऱ्यात. पहिला तुकडा परत करताना मूळ पान हललं नाही, आणि कोडने तिकडे न बघता ते 'रिकामं' म्हणून पुढच्याच्या पदरात टाकलं. पुढच्याचं कामच बंद पडलं. तिने पुन्हा चालवलं, पुन्हा तेच.

तिने आधी फोन केला. "दादा, दोन तुकडे करून पाह्यलं होतं का?"

तो म्हणाला, "नाई. एकच घेतला होता. नंतर दुरुस्त करू ना, आता काऊन अडवून राह्यली?"

"मी न पाह्यल्यासारखं कसं करू?"

त्याने फोन ठेवला. रंजिताने सगळ्यांसमोर लिहिलं: दोन तुकडे केल्यास हे चुकतं, असं चालवून पाहा. लिहिताना तिला रडू आलं, पण लिहिलं. पॅच अडला आणि हेड दुसराच झाला.

तेराव्या दिवशी ओमप्रकाशचा फोन आला. "नवीन पाठवला. तुह्यं नाव त्यात लिहिलं, चूक हिनं दाखवली म्हणून. त्या तिघांले विचारलं मी. चालवून कोणीच पाह्यलं नव्हतं, माह्याकडं पाहून नाव टाकलं." मग म्हणाला, "आता तरी टाक नाव."

"पाहू दे आधी."

"पाह्य, बाई, पाह्य," म्हणत तो हसला.

मनोहरराव बाजूलाच वांगी निवडत होते, बाजारात न्यायची. त्यांनी विचारलं, "ओमप्रकाश होता?"

"हो."

"त्याचं काम अडवलं ना तू? तरी तो बोलते तुह्याशी?"

"बोलते. हसला बी."

मनोहररावांनी किडकं वांगं बाजूला टाकलं. "मी तं कोणाचंच अडवलं नव्हतं," ते म्हणाले. "अन् कवडू नऊ वर्षं झाले, बोलत नाई माह्याशी."