तांदळाची दुर्बीण

वकीलसाब घरातल्या घरात दुर्बीण खांद्याला अडकवून फिरायचे, आणि ती दुर्बीण म्हणजे पिशवीत भरलेले तांदूळ असत. प्रवासात नेता येईल अशी एक लहान भिंगाची दुर्बीण त्यांना घ्यायची होती. कोणती घ्यावी ते ठरत नव्हतं. मग प्रत्येकीच्या वजनाइतके तांदूळ कापडी पिशवीत भरायचे, पट्टा खांद्यावर टाकायचा आणि दिवाणखाना, स्वयंपाकघर, बाल्कनी करत बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, खाटेपाशी येऊन थांबायचं. काकू विचारायच्या, "आज कोणती?" ते सांगायचे, "बहात्तर मिलिमीटरची. पट्टा काचून राहिला थोडा." हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दुसरीकडे खोली बघावी का, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं.

मी पुण्याची. कंप्युटरच्या नोकरीपायी हैदराबादला गेले आणि बरकतपुऱ्यात त्यांच्या घरात दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहिले. पहिल्या मजल्यावर ते दोघंच. सगळी गल्ली त्यांना वकीलसाब म्हणायची, मी काका म्हणायचे. जमिनीच्या दाव्यांत त्यांची उभी हयात गेली होती. काकू मराठी शाळेत शिकवायच्या. मूलबाळ नव्हतं. मी जायच्या आधीच काकूंचं डावं अंग लुळं पडलं होतं. बोलणं शाबूत होतं, डोकं तर आम्हा दोघांपेक्षा शाबूत, पण साधी कूस बदलायची तरी दुसरं माणूस लागायचं. दिवसा एक आया यायची. तिनं कूस बदलली की काका उठून उशी पुन्हा आपल्या हातानं नीट करायचे आणि आया तोंड वाकडं करायची.

त्या घराच्या दोन्ही बाजूंना आणि पाठीमागे मोठ्या इमारती उठल्या होत्या. काकूंच्या खोलीची खिडकी उघडली की हात लांबवून शेजारची भिंत शिवता यायची, म्हणून ती बंदच असायची. गच्चीवरून आभाळ दिसायचं ते दोन टाक्यांच्या मधलं. औषधाचा, डेटॉलचा आणि शेजारच्या फोडणीचा वास त्या खोलीत मुक्कामाला असे. मला तिथं अर्ध्या तासात गुदमरायला व्हायचं, आणि मला तर जिना उतरून कुठंही जायची मोकळीक होती. काका बाहेर पडायचे ते भाजी आणि औषधांपुरते, आणि परत येताना जिना धावत चढायचे.

अशा माणसाला प्रवासाची दुर्बीण हवी होती. तरुणपणी तालुक्याच्या कोर्टांत कामं असत तेव्हा डाकबंगल्याच्या ओसरीवर झोपून त्यांनी आभाळ पाहिलं होतं, ते डोक्यातून गेलं नव्हतं. दुर्बिणीच्या दाव्यात दोन्ही बाजूंचे वकील तेच असत. ऐंशी मिलिमीटरचं भिंग घेतलं तर उजेड जास्त, पण सोबत तीन पायांचं तिकाटणंही दणकट लागणार. साठचं घेतलं तर पिशवीत आरामात बसेल, पण अंधुक गोष्टी हातच्या जाणार. आरशाची दुर्बीण स्वस्तात मोठी मिळते, हे मी कुठंतरी वाचून त्यांना ऐकवलं, तर म्हणाले, आपल्या रस्त्यांवरून नेली की आरसे हलतात, मग रात्रभर ते जुळवत बसा. स्वस्त भिंगात चंद्राला जांभळी किनार येते, म्हणून काच कुठली तेही बघायचं. मी रोज संध्याकाळी फोनवर नव्या नव्या दुर्बिणी शोधून द्यायचे आणि ते प्रत्येकीची उलटतपासणी घ्यायचे.

एकदा मी वैतागून विचारलं, की मोठी घेऊन एकेक ग्रह जवळून का नाही बघत? सगळे तर तेच बघतात. काका पिशवी खाली ठेवून म्हणाले, "जवळचं फार बघून झालं, बेटा. मला आता रुंद बघायचंय. कृत्तिका अख्ख्या मावल्या पाहिजेत, आणि बाजूला रिकामी जागा उरली पाहिजे." त्यांच्या मागे ती बंद खिडकी होती. मी पुन्हा ग्रहांचं नाव काढलं नाही.

माझी फजिती झाली ती 'परवा' या शब्दापायी. राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात काका म्हणाले, "परवा आपण सागर धरणाच्या रस्त्याला जाऊ. तिकडं अंधार चांगलाय." मी पुणेकर. बरोब्बर तिसऱ्या दिवशी स्वेटर, पाण्याची बाटली, पाठीवर सॅक अशा थाटात खाली येऊन उभी राहिले. काका बनियनवर बसून काकूंना सूप भरवत होते. त्यांचा चमचा तसाच राहिला. काकू मात्र हसून म्हणाल्या, "अगं, ह्यांची परवा पुण्याची नव्हे." मग मला कळलं, की हैदराबादेत गेल्या आठवड्यातली गोष्टही परवाची आणि निजामाच्या वेळचीही परवाची. काकांनी ती मागं ताणलेली परवा पुढंही तितकीच ताणली होती. दुर्बीण परवा ठरवायची, सागरला परवा जायचं. हळूहळू मीही ऑफिसात परवा म्हणायला लागले आणि पुण्याच्या साहेबांची बोलणी खाल्ली.

सगळं असंच चालू राहिलं असतं, पण एका संध्याकाळी काका साठच्या बाजूनं बोलून झाले, ऐंशीच्या बाजूनं बोलून झाले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, बघू परवा. काकू छताकडे बघत होत्या. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "मी गेल्यावर घेणार आहात का?"

काकांनी पिशवीचा पट्टा खांद्यावरून उतरवला. मला तेव्हा उमगलं. वजन, भिंग, काच हे सगळं वरवरचं होतं. ती असेपर्यंत जायचं नाही हे त्यांचं ठरलेलं होतं, आणि म्हणून दुर्बीण घेणं म्हणजे तिच्या जाण्याची तयारी करणं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मला त्या खोलीत उभं राहणं नकोसं झालं. दुसऱ्या दिवशी काकांनी साठची मागवली, सगळ्यांत हलकी. काकूंनी पिशवीतल्या तांदळांची खिचडी करायला लावली आणि आम्हा दोघांना समोर बसवून खायला घातली.

पुढचं काकूंनीच ठरवलं. अमावस्येच्या आसपासचा शनिवार पाहिला, गाडी सांगितली, रात्री सोबतीला मला बोलावलं. काकांनी मला कूस बदलायची रीत दोनदा दाखवली, उशी कुठं लागते ते दाखवलं, आणि ऊन उतरायला लागल्यावर मफलर गुंडाळून, दुर्बिणीची पिशवी खांद्याला लावून निघाले. जिन्यावरून दोनदा परत आले. तिसऱ्यांदा काकूंनी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं तेव्हा कुठं गेले.

अंधार पडून थोडाच वेळ झाला असेल. खाली गाडी मागे घेतल्याची पीप पीप ऐकू आली. काकू म्हणाल्या, "आले ते. बघ." मी बाल्कनीत गेले. तीच गाडी समोरच्या भिंतीला लागून उभी होती. ड्रायव्हर चहाला गेला होता. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड मागच्या सीटवर पडला होता आणि तिथं काका बसले होते, दुर्बिणीची पिशवी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. मी हाक मारायला तोंड उघडलं.

"हाक नको मारू," काकू आतून म्हणाल्या. "मी पाठवलंय ना त्यांना? मग ते गेलेत."

मी खाटेपाशी येऊन बसले. काकूंनी उजव्या हातानं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाल्या, "मी अंथरुणाला खिळले, त्याचं आता काही वाटत नाही गं. त्यांना मी खिळवलंय, ते रोज बघावं लागतं. आज एक दिवस नको बघायला." मग मला बजावलं, की काकांनी कधी विचारलंच तर गाडी आली तेव्हा काकू झोपल्या होत्या, त्यांना काही कळलं नाही, असंच सांगायचं. माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

जेवणवेळ टळून गेल्यावर काका वर आले. मफलर अजून गळ्यातच होता आणि कपाळावर घाम होता. खाटेच्या कडेला बसून त्यांनी सगळं सांगितलं. कृत्तिका अख्ख्या मावल्या आणि बाजूला जागा उरली. देवयानीतल्या दीर्घिकेचा तो धुरकट ठिपका नव्हताच ठिपका, या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबलचक पसरलेला होता. वर्षानुवर्षं वाचलेलं त्यांना तोंडपाठ होतं, कुठं अडखळले नाहीत. काकू मध्ये मध्ये विचारत होत्या, थंडी होती का, आकाशगंगा नुसत्या डोळ्यांना दिसली का. शेवटी त्यांनी विचारलं, "माझी आठवण आली?"

"नाही," काका म्हणाले. "एकदा पण नाही."

काकूंचा चेहरा इतका निवलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. त्या रात्री त्यांना गोळीशिवाय झोप लागली.

वर्षभरानं माझी बदली पुण्याला झाली, आणि त्यानंतर काही महिन्यांनी काकू गेल्या. मला वेळेवर पोचता आलं नाही. दिवसकार्य झाल्यावर फोन केला, तर काका शांत होते. दुर्बीण कपाटात आहे म्हणाले. पुढं कधीतरी त्यांनी आपण होऊन त्या शनिवारचा विषय काढला. म्हणाले, "तुला सांगतो, मी त्या दिवशी काहीच बघितलो नाही. शहर संपलं तिथवर गेलो. तिची कूस बदलायची वेळ झाली, आणि मी गाडी फिरवायला लावलो. खाली बसून राहिलो." मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, "मला एवढंच सांग, तिला त्या दिवशी कधी..."

"नाही काका," मी म्हणाले, "काकू झोपल्या होत्या. त्यांना काही कळलं नाही."



"माझा प्रश्न पुरा व्हायचा होता, बेटा," काका म्हणाले. "आधीच उत्तर देतो तो साक्षीदार पढवलेला असतो."