शाळेपासून शंभर वार

गावात मला सगळे गुटखा बंद करायला निघालेली पोरगी म्हणून ओळखायचे, आणि मी रोज सकाळी मशेरी लावायचे. यात काही विचित्र आहे, असं मला तेव्हा खरंच वाटत नव्हतं.

भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावात आम्ही सात-आठ कॉलेजची मुलं-मुली होतो. शेतांच्या जागी गोदामं उठत होती आणि गोदामांमागोमाग टपऱ्या. त्यातली एक शाळेच्या फाटकाजवळच होती. चौथी-पाचवीतली पोरं मधल्या सुट्टीत तिथं गुटख्याच्या पुड्या फोडायची. शाळेपासून शंभर वारांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा कायदा नुकताच आला होता. सरपंच म्हणाले, टपरी त्या हद्दीत येते हे आधी मोजून दाखवा, मग ग्रामसभेत ठराव मांडू.

शंभर वार मोजायचे कशाने? भिवंडीच्या पोरांना दुसरं काय सुचणार? एका मैत्रिणीच्या वडिलांचा निजामपुऱ्यात लूमचा कारखाना होता. तिथून डाग पडलेला एक तागा रिक्षात घालून आणला, शंभराव्या वारावर निळीने खूण केली आणि शाळेच्या फाटकापासून रस्त्यावर उलगडत निघालो. ट्रकवाले थांबून बघत होते. एका म्हातारीने लग्न कुणाचं म्हणून विचारलं. टपरी आली तेव्हा अर्ध्याहून जास्त तागा उलगडायचा बाकी होता. आम्ही भर रस्त्यात नाचलो.

टपरीवाला नात्याने माझा मामा. त्याने कापड दोन बोटांत धरून पाहिलं, माल बरा आहे म्हणाला आणि आत जाऊन बसला. माणूस हरला की गप्प होतो, असं मी मैत्रिणींना मोठ्या ऐटीत सांगितलं.

ग्रामसभेत ठराव मीच वाचला. गुटखा, विडी, सिगारेट, खायची तंबाखू, सगळी यादी खणखणीत आवाजात. कुणाची हरकत आहे का, असं सरपंचांनी विचारल्यावर मामा उठला.

"ठराव चांगला हाय," तो म्हणाला. "फक्त हिला विचारा, ही सकाली दात कशानं घासते. पानं माझ्याच टपरीवरून नेते."

सगळी सभा हसली. खोटं काहीच नव्हतं. आई दर रविवारी तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची, आणि बाराव्या वर्षापासून तिच्या शेजारी बसून मीही ती हिरड्यांना चोळायचे. आमच्या घरात याला तंबाखू कुणी म्हणतच नव्हतं. याला दात घासणं म्हणायचे. ठराव लिहिताना आमच्यातल्या एकाही शहाण्याला मशेरी आठवली नव्हती. सरपंचांनी कागद बाजूला ठेवला आणि पुढच्या सभेला बघू म्हणाले. पुढच्या सभेला म्हणजे कधीच नाही, हे गावात सगळ्यांना कळतं.

मला रडू येत होतं आणि रागही, पण मामाचा नाही, स्वतःचा. मी तशीच उभी राहिले. "मशेरीची पानं पण लिहा ठरावात," मी म्हणाले. "मी लावते. उद्यापासून लावणार नाही."

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. मी त्यांच्याच सकाळवर हात टाकला होता. त्या एकमुखाने नाही म्हणाल्या असत्या तर ठराव तिथंच संपला असता. तेवढ्यात माझी आई पदर सावरून उठली. आयुष्यात ती सभेत कधी बोलली नव्हती.

"पोर माझी हाय. सवय मीच लावली तिला," ती म्हणाली. "लिवा."

मग हात वर झाले, बायकांचे आधी. मामाचा हात खालीच राहिला, पण पंधरवड्यात टपरी आमच्या खुणेच्या चार पावलं पलीकडे गेली.

माझी मशेरी सुटली. आठवडाभर डोकं दुखलं आणि मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. आईची काही सुटली नाही. महिन्याभरातच ती पहाटे मागच्या दारी, लाकडांच्या ढिगाआड बसायला लागली. मी दिसले की घाईघाईने चूळ भरायची आणि उगाच लाकडं रचायची. दोनदा मी तिला पकडलं आणि दोन्ही वेळा मलाच लाज वाटली. भर सभेत तिने माझी लाज राखली होती. तेव्हापासून मागच्या दारी जाण्याआधी मी मोठ्याने खोकायला शिकले.