बिनबर्फाचा उसाचा रस

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला चागास डिसीज आहे." मी आणि माझा नवरा निनाद एकमेकांकडे बघतच राहिलो. हे नाव आम्ही जन्मात ऐकलं नव्हतं. मला सातवा महिना चालू होता.

तोवर तक्रार एवढीच, की इथे न्यूझीलंडमध्ये, अप्पर हटच्या स्टेशनवर गाडी पकडताना धाप लागायची, मध्येच ठोका चुकायचा. पुण्याहून आई फोनवर म्हणायची, "अगं, पोटुशीला दम लागणारच." माझ्या मिडवाइफला ते पटेना. तिने ईसीजी काढायला लावला. निघाला बंडल ब्रांच ब्लॉक, म्हणजे हृदयाचे ठोके चालवणाऱ्या विजेच्या वाटेत अडथळा. मग डॉक्टरांचा प्रश्न आला, "दक्षिण अमेरिकेत कधी राहिलात का?"

राहिलो होतो, काही वर्षांपूर्वी. निनादच्या प्रोजेक्टसाठी, ब्राझीलमध्ये. तिथे रस्त्यावर चक्क उसाच्या रसाची गाडी दिसली आणि मी हरखलेच. बाहेरचं पाणी बाधतं हे आपल्याला लहानपणापासून पाठ, म्हणून दर वेळी बजावायचे, "बर्फ नको." केवढी मी शहाणी!

हा आजार एका किड्याच्या विष्ठेतल्या जंतूंमुळे होतो. बहुतेकांना तो किडा चावल्यावर होतो, पण उसाबरोबर किडा चरकात भरडला गेला तर रसातूनही. "नक्की सांगता येणार नाही, पण शक्यता आहे," डॉक्टर म्हणाल्या. ब्राझीलमध्ये असताना मला आलेला ताप आणि सुजलेला चेहरा आम्ही ॲलर्जी म्हणून सोडून दिला होता. निनाद पाणी आणायला गेला आणि रिकाम्या हातानेच परत आला.

"आणि बाळ?" मी विचारलं.

"बहुतेक बाळांना होत नाही. काहींना होतो. गरोदरपणात औषध देता येत नाही, वाट बघावी लागेल."

वाट बघा! मला इतका राग आला. डोहाळजेवणाला बायका ओटी भरत होत्या, मी फोटोसाठी हसत होते आणि आत नुसती भीती.

मुलगी झाली. पहिल्या तपासणीत जंतू दिसले नाहीत. पण आईच्या अँटिबॉडीज, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, बाळाच्या रक्तात काही महिने राहतात. त्या गेल्यावरच खरं काय ते कळतं. तोवर तिला साधी शिंक आली तरी मी थर्मामीटर काढायचे.

तुमच्यापैकी कुणी दक्षिण अमेरिकेत राहून आलं असेल, तर दिवस राहण्याआधी रक्त तपासून घ्या. तेव्हाच औषध घेतलं तर बाळाचा धोका खूप कमी होतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी डॉक्टरांचा फोन आला. "शी इज क्लिअर." मी स्वयंपाकघरातच ढसाढसा रडले. थँक्यू, थँक्यू म्हणत राहिले. माझ्या हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्टही त्यांच्याकडे आला होता. तो विचारायचाच राहिला, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.