फ्रँकची बायको

आज मुलानं पोर्चच्या कठड्याला पांढरा रंग लावला. वास नाकात गेला नि मी थेट कॅनडातल्या ओकव्हिलच्या त्या जुन्या हॉलमध्ये जाऊन बसलो. आमच्या मंडळानं एक अमेरिकन नाटक मराठीत केलं होतं. स्टेजवर शहराबाहेरच्या वस्तीतलं घर, ताजा रंगवलेला कठडा, मागं कुंपण नि शेजाऱ्याची खिडकी. राजा नाही, तलवार नाही, साधी माणसं पोर्चवर बसून भांडतात. याला नाटक म्हणायचं हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्या घरची बाई माझी बायको सुमन झाली होती.

नाटकातल्या नवऱ्याला तिनं ‘फ्रँक’ अशी हाक मारायची होती. महिनाभर भांडी घासताना घोकत होती.

“चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायचं! जीभच वळत नाही हो. माझ्यामुळं नाटक पडेल.”

प्रयोगाच्या दिवशी दार उघडून ती स्टेजवरच्या पोर्चवर आली. एप्रनला हात पुसले. नाव काही फुटेना. शेवटी तोंडातून निघालं, “अहो!”

“आलो गं!” म्हणत मी प्रेक्षकांतल्या खुर्चीतून उठलोसुद्धा.

हॉल हसून लोळला. सुमननं कमरेवर हात ठेवला.

“तुम्ही बसा खाली. फ्रँक, चल जेवायला!”

काय टाळ्या पडल्या! मला हसलेलं मी कुणाचं खपवून घेत नाही. तेवढं एकदा घेतलं.

आता घरात बाबा म्हणणारे आहेत, आजोबा म्हणणारे आहेत. अहो म्हणणारी असती, तर सगळ्यांदेखत पुन्हा उठून उभा राहिलो असतो.