सोनेरी राजाचा ओला हात

आमचे हे स्टुडिओत प्लास्टरचे काम करीत. प्राचीन इजिप्तवरच्या एका अवाढव्य चित्रपटासाठी यांनी सिंहासनावर बसलेला, तीस फूट उंच राजा घडवला होता. त्याचा उजवा हात आशीर्वाद दिल्यासारखा पुढे होता. प्लास्टर सुकले की नाही हे पाहायची यांची एकच रीत, गाल टेकवायचा. ओले प्लास्टर गार लागते. "माझ्यापेक्षा त्या राजाचेच लाड जास्त," असे मी म्हटले की म्हणायचे, "तो उलट बोलत नाही."

मंगळवारी यांनी सुकल्याचे सांगितले आणि रंगाऱ्यांनी सोनेरी रंग चढवला.

बुधवारची माझ्या डायरीतली नोंद सकाळी सव्वासातची आहे. चहाचा रिकामा, पण अजून गरम कप यांनी सहज गालाला लावला आणि हे एकदम पांढरे पडले.

"काल मी गाल टेकवला, तेव्हा दिवे चालू होते गं."

"कसले दिवे?"

"शूटिंगचे. दिवसभर पेटलेले. वरचा थर नुसता तापला होता. आत ओलंच असणार. त्यावर रंग दिला, आता ओल जाणार कुठून? तो हात..."

यांनी हत्यारांची पिशवी उचलली. आमची मुलगी त्याच चित्रपटातल्या दासीच्या कामासाठी सहालाच गेली होती. तिची जागा त्या हाताखाली होती.

आम्ही पोचलो तेव्हा तालीम चालू होती. दोनशे सैनिक लाकडी फळ्यांवर पाय आपटत चालत होते. प्रत्येक पावलागणिक राजा किंचित हलत होता. कोपराजवळच्या सोन्यात केसाएवढी भेग मला खालूनही दिसली. मुलगी मात्र हातात पिसांचा पंखा धरून ताठ बसली होती. हलायचे नाही असे तिला बजावले होते.

हे दिग्दर्शकाकडे धावले. "सगळ्यांना मागे घ्या. पुतळा ओला आहे."

"काका, सुकलाय असं काल तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हणालो. चुकलो."

"एवढा शॉट होऊ दे, मग बघू."

यांनी पिशवीतून हातोडी काढली आणि राजाच्या पायाच्या अंगठ्यावर घातली. सोनेरी कवच फुटले. आतून पांढरा, चिखलासारखा लगदा ओघळून दिग्दर्शकाच्या बुटावर पडला. तो बुटाकडे पाहतच राहिला. मग ओरडला, "मागे व्हा सगळे!"

मुलगी धुसफुसतच आली. "बाबा, माझा पहिला शॉट होता! सगळ्यांसमोर काय हे!" हे तिच्या कपाळाला गाल टेकवून डोळे मिटून उभे राहिले.

पावणेअकराला हात कोसळला. तिचा पंखा तिथेच राहिला होता. त्याचे एक पीससुद्धा धड सापडले नाही.

त्यानंतर बावीस वर्षे यांनी ते काम केले. दिवे बंद करून दोन तास थांबल्याशिवाय कुठल्याही पुतळ्याला गाल लावला नाही, आणि एका माणसाच्या गालावर कधी विसंबले नाहीत. स्टुडिओत सुट्टी असली, की मलाही घेऊन जात. "टेकव," म्हणत, "आणि खरं सांग."